आडनाव इनामदार, खोली पाहिजे: कोल्हापुरात भाड्याचं आणि हक्काचं घर मिळवताना

फोनवर माझं आडनाव लोकांना फार गोड लागतं. "इनामदार बोलतेय, खोली बघायची होती," म्हटलं की पलीकडून लगेच, "या की, संध्याकाळी सहाला या, वरची खोली हाय, पाण्याचं टेन्शन नाही." इनामदार मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत आणि आमच्या मुस्लिमांतही आहेत. सहाला मी आणि नवरा पोहोचतो. चपला काढतो. घरातली बाई चहा टाकायला उठते. तेवढ्यात मालक सहज विचारतात, "पूर्ण नाव काय म्हणालात?" नाव सांगितलं की चहाचं आधण तिथंच थांबतं. "अरे हां, विसरलोच बघा, दुपारीच एकानं टोकन दिलंय."

२००९ ते २०२१ या बारा वर्षांत आम्ही सहा खोल्या बदलल्या. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत, मी आधी एका दुकानात पॅकिंगला, आणि आता सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून देते. खोली शोधणारे आणि घरकुलाचा अर्ज करणारे दोन्ही माझ्या टेबलाशी येतात. त्यांना जे रोज तोंडी सांगते तेच इथं लिहिते. नकार देणारा कधी लिहून देत नाही. मालक "टोकन गेलं" म्हणतो, कारकून "नंतर या" म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी "कमिटीत विषय घेतो" म्हणतो. सगळं तोंडी. म्हणून आपलं काम एवढंच, की त्यांच्या तोंडातलं कागदावर आणायचं. आता एकेक घेऊ.

फोनवरच पूर्ण नाव सांगा

ओळखीचे लोक सल्ला देतात, नाव लपवा, आधी खोली बघून घ्या, मग बघू. मला हे पटत नाही. करार करायचा तर आधार कार्ड द्यावंच लागतं, तेव्हा चार दिवसांनी तीच गोष्ट होते, फक्त तोवर रिक्षाचे पैसे आणि एक खाडा गेलेला असतो. मी आता पहिल्या वाक्यात पहिलं नाव सांगते. निम्मे फोन तिथंच संपतात. उरलेले निम्मे खरे असतात.

ज्यांचं नाव पटकन कळत नाही त्यांना वेगळे प्रश्न येतात. बौद्ध, मातंग, चर्मकार घरातली माणसं माझ्यापुढं बसून हसत सांगतात: "गाव कोणतं?" हा पहिला प्रश्न. "गावात कुठल्या बाजूला?" हा दुसरा. गावाची कुठली गल्ली सांगितली की जात कळते, विचारायची गरजच नाही. तिसरा प्रश्न "खाण्यापिण्याचं कसं?" आता ज्या शहरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग लागते आणि पाहुणा आला की तांबडा-पांढरा होतो, तिथं "शाकाहारीच पाहिजे" म्हणजे काय ते मालकालाही माहीत असतं आणि आपल्यालाही. या प्रश्नांना चिडून उत्तर देऊ नका, खोटंही सांगू नका. "दोघं नवराबायको, दोन पोरं, भाडं पाच तारखेला, आधीच्या मालकाचा नंबर देते" एवढं सांगून गप्प बसायचं.

आधीच्या मालकाचा नंबर हे आपलं सगळ्यात मोठं भांडवल. खोली सोडताना भांडण असलं तरी डिपॉझिट हातात घेताना दोन ओळी लिहून घ्या: अमुक ते अमुक महिने राहिले, भाडं थकलं नाही. सही आणि मोबाइल. माझ्या फाइलीत अशा चार चिठ्ठ्या आहेत. एका मालकिणीने वहीच्या पानावर लिहिलंय, "माणसं चांगली हायत, पोरगं जरा दंगा करतं." त्या चिठ्ठीनं आम्हाला पुढची खोली मिळाली. नवा मालक वाचून हसला आणि म्हणाला, "पोरगं कितवीत हाय?"

एजंटाला धरायचं तर कामाआधी विचारा, एक महिन्याचं भाडं घेणार की पंधरा दिवसांचं, आणि खोली ठरल्यावर घेणार की आधी. आधी मागणाऱ्याकडं जाऊ नका. फौंड्रीतल्या, गांधीनगरच्या कापड दुकानांतल्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या तोंडी जी खोली कळते ती एजंटाच्या पाटीवर कधीच येत नाही.

दसरा चौकात एकदा एका मालकानं मला रस्त्यावरच सांगितलं, "तुमचं-आमचं आमच्याकडं जमत नाही." मागे शाहू महाराजांचा पुतळा. पलीकडं मुस्लिम बोर्डिंग, तेही महाराजांच्याच काळात, १९०६ साली सुरू झालेलं. बाहेरगावच्या पोरांना शहरात राहायला जागा हवी म्हणून त्यांनी १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. मी त्या मालकाला काही बोलले नाही. केएमटीची बस आली, चढले.

स्वस्त खोली आणि नदी

खोली स्वस्त का आहे हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. कोल्हापुरात स्वस्ताचं कारण बहुतेक वेळा पंचगंगा असते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये शहरातली शाळकरी पोरंसुद्धा हे आकडे बोलतात. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात पाणी पहिल्यांदा शिरतं आणि तिथली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवली जातात. शुक्रवार पेठ, बापट कॅम्प, जाधववाडी, कसबा बावड्याचा नदीकडचा भाग, व्हीनस कॉर्नरची सखल बाजू, इथं खोली बघताना भिंतीवर डोळ्यांच्या उंचीपासून खालपर्यंत हात फिरवा. रंग नवा असला तरी खालची चार फूट भिंत वरच्या भिंतीपेक्षा गार आणि पोपडे धरलेली लागते. शेजारच्या दुकानदाराला विचारा, "एकोणीसला कुठवर आलं होतं?" तो बोटानं रेघ दाखवतो. मालकाला विचारायची गरज नाही.

तळमजल्यापेक्षा वरची खोली पाचशे जास्त असली तरी घ्या. आमची तिसरी खोली तळमजल्याची होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गादी, मिक्सर, पोराची पुस्तकं गेली, ते भरून आलं. पण सगळे कागद भिजले आणि ते नव्यानं काढायला पावणेदोन वर्षं लागली. पंचनामा झाला तेव्हा तलाठ्यानं विचारलं, "भाडेकरू असल्याचा पुरावा?" नव्हता. करार नोटरीचा होता आणि तोही पाण्यात. मदत यादीत घराच्या मालकाचं नाव लागलं.

करार: नोटरी नको, नोंदणी करा

या विषयावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथंच गरीब माणूस सगळ्यात जास्त अडकतो.

कोल्हापुरात अजूनही शेकडो खोल्या स्टॅम्प पेपरवर टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून दिल्या जातात. काही तर नुसत्या तोंडी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये कलम ५५ आहे. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा) करार लेखी असला पाहिजे आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नोंदणी नसेल तर अटी काय होत्या यावर वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे मालकाला धमकी म्हणून सांगू नका, सांगितलं तर खोली जाईल.

मालकाला त्याच्या भीतीच्या भाषेत सांगायचं. त्याला भीती असते, हे लोक एकदा बसले की उठणार नाहीत. त्याला सांगा: काका, नोंदणीकृत करार असला आणि मुदत संपूनही आम्ही उठलो नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली तुम्हाला सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं, आणि उशीर केलेल्या दिवसांचं दुप्पट भाडं आमच्याकडून मागता येतं. नोटरीच्या कागदावर तुम्हाला हे करायचं तर दमछाक होईल. मी हे वाक्य आजवर वीस-पंचवीस मालकांना ऐकवलं असेल. निम्म्याहून जास्त तयार झाले.

खर्च किती? लोकांना वाटतं हजारो. हिशेब करून बघू. भाडं ५,००० रुपये, अकरा महिने, डिपॉझिट २०,००० रुपये. अकरा महिन्यांचं भाडं ५५,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, अकरा महिन्यांचं साधारण १,८३३. बेरीज ५६,८३३. तिच्यावर पाव टक्का, म्हणजे ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. झाले १४२ रुपये, पूर्णांक करताना थोडं वर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. म्हणजे उचगाव, पाचगाव, मोरेवाडीला ग्रामपंचायत हद्दीत खोली घेतली तर निम्मी फी. वर ऑनलाइन दस्ताचे किरकोळ आकार आणि भरून देणाऱ्याचे पैसे. दोन बाजूंनी वाटून घेतलं तर एका घरचा आठवड्याचा बाजार.

करारात चार गोष्टी आहेत का ते बघा. डिपॉझिटचा आकडा आणि ते कधी परत. वीज: स्वतंत्र मीटर की सबमीटर, सबमीटर असेल तर युनिटचा दर किती. कोल्हापुरात सबमीटरवर बिलापेक्षा जास्त दर लावून महिन्याला दोन-तीनशे गुपचूप काढणारे मालक मी बघितलेत. पाण्याची वेळ आणि नळ एकत्र आहे का. आणि सिटी सर्व्हे नंबर व वॉर्ड. आपल्या शहरात पत्ता ए, बी, सी, डी, ई वॉर्डनं चालतो, 'सि.स.नं. अमुक, ई वॉर्ड' हे करारात असलं तरच आधार, रेशन कार्ड, गॅस आणि पोरांच्या शाळेत तो कागद चालतो. नुसतं "रंकाळ्याजवळ" लिहिलेला करार मी बघितलाय.

डिपॉझिट रोख देऊ नका. देणंच पडलं तर दोन हप्त्यांत द्या, दुसरा खात्यावरून.

नकार मिळाला, मग कायदा काय करतो?

खरं सांगते, खासगी मालकाला "तू मुस्लिमाला खोली दे" असं बजावणारा थेट कायदा आपल्याकडं नाही. संविधानाचं कलम १५(१) सरकारला भेदभाव करू देत नाही, घरमालकाला नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, संस्थेनं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणं चालेल असा निकाल दिला होता. म्हणून "कोर्टात खेचते" म्हणत मालकाच्या दारात उभं राहण्यात अर्थ नाही.

दोन ठिकाणी मात्र जोर आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवाचक बोलून अपमान केला तर अॅट्रॉसिटीचा कायदा लागतो, मग ते खोलीच्या दारात असो की बाजारात. चारचौघं म्हणजे साक्षीदार, म्हणून खोली बघायला एकटं जाऊ नका. दुसरं, गावानं किंवा जातपंचायतीनं मिळून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आहे.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत फ्लॅट विकत घेताना मात्र तुमचे हात बांधलेले नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सांगतो की पुरेशा कारणाशिवाय कुणाचं सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज द्या, पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासदत्व मिळालं असं धरता येतं. नाकारलं तर कारण लेखी मागा आणि दोन महिन्यांच्या आत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडं अपील करा. सेक्रेटरी "एनओसी देत नाही" म्हणाला तर घाबरू नका, नमुना उपविधींप्रमाणं सभासदाला फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची एनओसी लागत नाही, फक्त आधी कळवावं लागतं. भाडेकरू ठेवला म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त बिनभोगवटा शुल्कही घेता येत नाही. "आमच्या सोसायटीत चालत नाही" हे वाक्य लिहून मागितलं की सेक्रेटरी पाणी प्यायला उठतो.

स्वतःचं घर: कुठल्या दारात जायचं

भाड्याचं संपलं. आता घरकुल. इथं सगळ्यात आधी आपण कुठल्या गटात बसतो ते ठरवा, कारण 'अत्यल्प उत्पन्न' हा शब्द दोन खिडक्यांवर दोन वेगळे आकडे सांगतो. पंतप्रधान आवास योजना शहरी २.०, १ सप्टेंबर २०२४ पासूनची, तिच्यात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न म्हणजे आर्थिक दुर्बल (तेच अत्यल्प), ३ ते ६ लाख अल्प, ६ ते ९ लाख मध्यम. म्हाडाच्या सोडतीत मात्र मोठी शहरं सोडून उरलेल्या महाराष्ट्रात अत्यल्प गटाची मर्यादा साडेचार लाख आहे. नवऱ्याचा महिना १८,००० असेल तर वर्षाचे २ लाख १६ हजार, तुम्ही दोन्हीकडं बसता. बायको धुणीभांड्यांचे ७,००० मिळवत असेल तर तेही धरायचे. बेरीज ३ लाख. काठावर. उत्पन्नाचा दाखला काढायच्या आधी हा हिशेब करा, तहसीलच्या खिडकीत नाही.

म्हाडाचं पुणे मंडळ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर बघतं. सोडत निघाली की आपल्याकडची घरं थोडी असतात, पण नोंदणी आधी करून ठेवा, कारण सोडतीच्या आठवड्यात अधिवास दाखला मिळत नाही. मोठ्या शहरांत मोठ्या गृहप्रकल्पातली वीस टक्के घरं दुर्बल व अल्प गटाला ठेवावी लागतात, तो नियम १० लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांसाठी. कोल्हापूर २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखही पुरतं नव्हतं. शहराची हद्द किती वर्षं तिथंच आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. बिल्डर हद्दीबाहेर बांधतो, आणि वीस टक्क्यांचा विषयच निघत नाही.

पंतप्रधान आवासमध्ये स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यांसाठी बीएलसी हा भाग आहे, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख. अटी: कुटुंबाच्या, म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलांच्या नावे देशात कुठंही पक्कं घर नको. घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे. विधवा, एकट्या बायका, अपंग, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक, सफाई कामगार, फेरीवाले, बांधकाम कामगार यांना प्राधान्य. आमच्या लोकांना वाटतं, अल्पसंख्याक म्हणून वेगळी शहरी घर-योजना आहे. मी तरी बघितली नाही. याच रांगेत प्राधान्य मागायचं, आणि त्यासाठी अर्जात तो रकाना भरायचा. दर दहातले चार अर्ज तो रकाना रिकामा ठेवून येतात, लाज वाटते म्हणून.

बाईचं नाव का म्हणते, ते आमच्यामुळं. २०२१ मध्ये आम्ही एक रूम-किचन घेतलं. करारात फक्त नवऱ्याचं नाव. दुर्बल आणि अल्प गटाला तेव्हाच्या व्याज अनुदान योजनेत २.६७ लाखांपर्यंत मिळत होते, पण घरावर बाईचं नाव असलं पाहिजे होतं. बँकेच्या माणसानं कर्ज करताना हे सांगितलं नाही. अर्ज परत आला तेव्हा दस्त झालेला होता. नवी योजना ३५ लाखांपर्यंतच्या घराच्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी १.८० लाखांपर्यंत व्याज अनुदान देते, पाच वार्षिक हप्त्यांत. तुम्ही करताय तर दस्ताच्या मसुद्यातच दोन नावं घाला. आणि नुसतं बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, ते वेगळंच.

बीएलसीची खरी अडचण पैसा नाही, जागेचा कागद आहे. तीन तऱ्हेच्या जागा माझ्या टेबलाशी येतात.

एक, गुंठेवारी. गुंठ्यावर घेतलेली, सातबाऱ्यावर सामाईक नावं. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित करून घेता येतं. आधी नियमितीकरणाचा अर्ज, मग घरकुल. तुकडेबंदीचे (जमिनीचे लहान तुकडे विकायला बंदीचे) नियम मध्ये मध्ये बदलतात, म्हणून शेजाऱ्यानं काय केलं ते ऐकून गुंठा विकत घेऊ नका. त्या दिवशीच्या नियमाची चौकशी दुय्यम निबंधकाकडं करा.

दोन, वतनाची जागा. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानातलं महार वतन बंद केलं, तरी जिल्ह्यात अशा जमिनी अजून सातबाऱ्यावर बंधनांसह दिसतात. भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल तर विक्रीला परवानगी लागते. स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका, आणि आजोबांची असेल तर फसून विकू नका.

तीन, झोपडपट्टी. राजेंद्रनगर, सदर बाजार, विचारे माळ, यादवनगर. जागा कुणाची, महापालिकेची, सरकारची की खासगी, हे आधी कळलं पाहिजे. प्रॉपर्टी कार्ड निघालेलं असेल तर बीएलसीचं दार उघडतं, नसेल तर तुमचा फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र), वीजबिल, घरफाळा पावती, मतदार यादीतली जुनी नावं यांची एक वही करा. साल जितकं जुनं तितकं बरं. २००० च्या आधीचे कागद निराळे बांधा, शासनानं झोपड्यांना संरक्षण देताना १ जानेवारी २००० ही तारीख धरलीय.

अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, आणि गावाकडच्या ओबीसींसाठी २०२३ पासूनची मोदी आवास. आमच्यातल्या पिंजारी, तांबोळी, बागवान अशा ओबीसी घरांना त्या शेवटच्या यादीत जाता येतं, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. नोंदणीकृत बांधकाम कामगारांसाठी त्यांच्या कल्याणकारी मंडळाची अटल आवास योजना वेगळी आहे.

या सगळ्याला जातीचा दाखला लागतो, आणि गाडी तिथंच अडते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळा सोडल्याचा दाखला. गेले नसतील, आणि बहुतेकांचे गेलेलेच नसतात, तर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गावाचं नाव आणि अंदाजे साल देऊन नक्कल मागा. जुनी नोंद मोडी लिपीत निघते, मग लिप्यंतर करून घ्यावं लागतं. एका वडार पोरीच्या पणजोबाचं नाव तीन सालांच्या पानांत सापडलं नाही, चौथ्या सालात सापडलं, तेही पणजीच्या मृत्यूच्या नोंदीत, "अमक्याची बायको" म्हणून.

बायकांनी लक्षात ठेवायचं, जात बापाकडून धरतात. सासरच्या कागदांनी दाखला निघत नाही, माहेरचे कागद लागतात. निपाणी, चिक्कोडीकडच्या सुना माझ्याकडं येतात तेव्हा माहेर कर्नाटकात आणि अर्ज महाराष्ट्रात, म्हणजे प्रकरण लांबतं. त्यांनी घरकुलाचा मूळ अर्ज नवऱ्याच्या दाखल्यावर करावा, घर दोघांच्या नावे घ्यावं. तिच्या दाखल्याची वाट बघत बसू नये.

पोच

महापालिका, तहसील, प्रांत, समाजकल्याण, कुठंही अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख घ्या. "आज शिक्का मारणारे रजेवर आहेत" असं म्हटले तर अर्ज देऊ नका, स्पीड पोस्टानं पाठवा. पोस्टाची पावती म्हणजेही पोच.

दीड-दोन महिन्यांत काही हललं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. प्रश्न लांबलचक लिहू नका. "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर, काय कार्यवाही झाली," एवढा एक. दुसरा, "मंजूर लाभार्थ्यांची यादी आणि नाकारलेल्यांची कारणं." माझ्या अनुभवात निम्म्या वेळा उत्तर यायच्या आधी अर्जच हलतो.

मंजुरी मिळाली तरी पैसे टप्प्याटप्प्यानं येतात: जोतं, लिंटल, स्लॅब, प्रत्येकाचा फोटो. पहिला हप्ता यायच्या आधी पाया खणायला स्वतःचे पैसे लागतात. तेवढ्यासाठी सावकाराकडं जाऊ नका, बचत गटाला आधी सांगून ठेवा. आणि जुनं घर पाडायच्या आधी मंजुरीचं पत्र हातात आहे का बघा. फोनवर "झालंय, पाडा" सांगितलेल्या एका कुटुंबानं पावसाळा ताडपत्रीत काढला.

फाइल अशी करा: मूळ कागद एका जाड प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत, प्रती दुसऱ्या पिशवीत, आणि सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये व एका नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये. आमची मूळ पिशवी वर्षभर माळ्यावर असते. जुलैत राजाराम बंधाऱ्याचा आकडा ३५ वर गेला की मी ती नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीतून पाचगावला नणंदेकडं पाठवते. तिचं घर टेकाडावर आहे.